बांधावरून : छोटा कॅमेरा आणि पानाची खालची बाजू



गेल्या तीन आठवड्यांत ज्यांच्या शेतावर माझे जाणे झाले, त्यांतल्या बहुतेकांनी मला एकच प्रश्न विचारला, "साहेब, गळ्यात हे काय अडकवलं?" कुणाला वाटले, पंचनाम्यासाठी सरकारने नवे यंत्र दिले. एका आजोबांनी तर "आता मोजणी आली का काय?" म्हणून धसकाच घेतला. तेव्हा या आठवड्यात खते, बियाणी जरा बाजूला ठेवतो आणि या वस्तूचीच हकीकत सांगतो. वस्तू म्हणजे एक छोटा कॅमेरा. त्याने काढलेली चार छायाचित्रे याच पानावर छापायला दिली आहेत.

पण कॅमेरा घेतला कसा, हे आधी सांगितले पाहिजे. त्यात माझी एक चूक आहे आणि ती लपवून पुढचे सांगण्यात अर्थ नाही.

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या भोकरदन भागातल्या एका ताईंनी मोबाईलवर मिरचीचा फोटो पाठवला. अर्धा एकर मिरची, ठिबकवर. पाने आकसलेली, शेंडा गोळा झालेला. खाली लिहिले होते, "साहेब, बोकड्या आला. काय मारू?" मी तालुक्याला बैठकीत होतो. फोटो भर दुपारी, उभ्याने, वरून काढलेला. अर्धे पान उन्हाने पांढरेफटक, अर्धे सावलीत काळे. तळहातावरच्या पडद्यावर तो पाहिला आणि मी कळवून टाकले, "फुलकिडे आहेत, अमुक औषध फवारा." त्यांनी फवारले. आठवड्याने पुन्हा फवारले. पंधरा दिवसांनी मी प्रत्यक्ष शेतात गेलो, वाकलो, पान उलटे केले आणि माझा चेहरा उतरला.

मिरचीचा चुरडा-मुरडा, ज्याला आपण बोकड्या म्हणतो, तो एका कारणाने होत नाही. फुलकिडे रस शोषतात तेव्हा पानाच्या कडा वरच्या बाजूला वळतात आणि पान होडीसारखे दिसते. कोळी रस शोषतो तेव्हा कडा खाली वळतात, पान पालथ्या होडीसारखे होते आणि देठ लांबतो. तिसरे कारण विषाणूचे, तो पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. ताईंच्या मिरचीवर कोळी होता. कोळी हा कीटक नव्हे, आठ पायांचा निराळा जीव आहे. फुलकिड्यांच्या औषधाने तो मरेलच असे नाही. उलट त्याला खाणारे मित्रजीव त्या फवाऱ्याने मरतात आणि कोळ्याला रान मोकळे मिळते. दोन फवारण्यांचा पैसा गेला, पंधरा दिवस गेले, फुले गळाली आणि पहिले दोन तोडे हातचे गेले.

ताई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "साहेब, फोटो मीच वरून काढला. खालून काढा असं तुम्ही बोलला असता, तर खालून काढला असता."

ते बोलणे मनाला लागून राहिले. मला वाटले, हाताशी चांगला कॅमेरा असता, चांगले फोटो कसे काढायचे ते मला स्वतःला येत असते, तर ही चूक झाली नसती. म्हणून मुलीच्या मदतीने एक वापरलेला कॅमेरा घेतला. सोनीचा ए-६०००. हा २०१४ साली बाजारात आला, म्हणजे कॅमेऱ्यांच्या हिशेबाने पोक्त झालेला आहे. पण पोक्त बैलही औताला चांगला चालतोच की!

ही जात कोणती?

या जातीच्या कॅमेऱ्याला मिररलेस म्हणतात. मिरर म्हणजे आरसा. आरसा नसलेला तो मिररलेस. आता कॅमेऱ्यात आरसा कशाला, असे तुम्ही विचाराल. लग्नातल्या फोटोग्राफरजवळचा मोठा काळा कॅमेरा आठवा. त्यात भिंगामागे एक आरसा तिरपा बसवलेला असतो. भिंगातून आलेला उजेड त्यावर आपटून वर जातो आणि वरच्या काचेतून फिरून फोटोग्राफरच्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबले की आरसा उचलला जातो, उजेड मागे जाऊन पडतो आणि फोटो उमटतो. तो जो 'खटाक्' आवाज येतो, त्यात या आरशाच्या हालचालीचा मोठा वाटा असतो.

आरसा ठेवायचा म्हणजे त्याला हलायला जागा हवी. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यात भिंग बसते त्या कड्यापासून मागच्या फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर असते. माझ्या या कॅमेऱ्यात ते फक्त १८ मिलिमीटर आहे. आरसा काढला की कॅमेरा चपटा आणि हलका होतो, तो असा. पॅनासॉनिकने २००८ साली जी-१ नावाचा कॅमेरा आणला. भिंग बदलता येणाऱ्या या बिनआरशाच्या छोट्या कॅमेऱ्यांचा जमाना खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला.

माझा कॅमेरा बॅटरी आणि कार्डासकट ३४४ ग्रॅम भरतो. त्याच्यासोबतचे छोटे भिंग ११६ ग्रॅमचे. दोन्ही मिळून ४६० ग्रॅम, म्हणजे अर्धा किलोच्या आत. पिशवीत टाकून मोटारसायकलवर दिवसभर फिरलो तरी खांद्याला जाणवत नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी रोलचा जड कॅमेरा वापरला आहे. एका रोलमध्ये ३६ फोटो. तो रोल जिल्ह्याच्या गावी धुवायला द्यायचा आणि आठवड्याने कळायचे की निम्मे फोटो काळे आले. तोवर पीकही निघून गेलेले असायचे.

मोबाईलपेक्षा यात वेगळे काय? उजेड झेलणारा तुकडा. साध्या मोबाईलमध्ये हा तुकडा तुरीच्या दाण्याएवढा असतो. या कॅमेऱ्यात तो साडेतेवीस मिलिमीटर लांब आणि साडेपंधरा मिलिमीटर रुंद, म्हणजे छोट्या पोस्टाच्या तिकिटाएवढा आहे. शेततळे मोठे असले की एकाच सरीत जास्त पाणी साठते, तसेच हे. तुकडा मोठा, म्हणून कमी उजेडातही चित्र भरीव उतरते.

चार छायाचित्रे

चित्र पहिले : मक्याचा पोंगा, सकाळी साडेसात वाजता. पोंग्यात अमेरिकन लष्करी अळी बसली आहे. ही कीड भारतात पहिल्यांदा २०१८ साली कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रातही पोहोचली. तिची ओळख दोन खुणांनी पटते. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढल्यासारखी फिकट रेघ आणि शेपटीच्या अलीकडच्या भागावर चौकोनात चार काळे ठिपके. या चित्रात दोन्ही खुणा दिसतात. त्यासाठी मला चिखलात गुडघे टेकावे लागले आणि बारा फोटो काढावे लागले. पहिल्या अकरांत डोके स्पष्ट तर शेपूट धूसर. जवळून फोटो काढताना भिंगाचे तोंड थोडे बारीक करावे लागते, हे बाराव्या वेळी कळले.

चित्र दुसरे : हलणारे ज्वारीचे कणीस. वारा होता. मोबाईलवर अशा वेळी दाणे फराटल्यासारखे येतात. इथे सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतेच दार उघडेल असे लावले आणि कणीस जागच्या जागी थांबल्यासारखे आले. कॅमेऱ्याला डोळा लावायची खिडकी आहे, तिचा उपयोग इथे समजला. भर उन्हात मोबाईलचा पडदा दिसत नाही. या खिडकीत आत छोटासा पडदा आहे आणि चित्र उजळ येणार की काळे, हे बटण दाबण्याआधीच दिसते.

चित्र तिसरे : दिवेलागणीची चूल. एका घरी जेवायला थांबवले होते. वीज गेलेली होती. तव्यावरची भाकरी काढून माउलीने चुलीच्या तोंडाशी उभी केली आणि ती टम्म फुगली, तो क्षण. माउलीचा हात जरा हललेला आला आहे, पण निखारा निखाऱ्यासारखा आणि अंधार अंधारासारखा दिसतो. पांढरा झगझगीत फ्लॅश मारला असता, तर ते स्वयंपाकघर दवाखान्यासारखे दिसले असते.

चित्र चौथे : हे फसलेले आहे. मुद्दाम छापायला दिले. आभाळात जे काळे ठिपके दिसतात ती पाखरे नाहीत, धूळ आहे. मळणी चालू असताना, खळ्याच्या काठावर उभे राहून मी शहाणपणा केला आणि भिंग बदलले. आरसा नाही, म्हणजे उजेड झेलणाऱ्या तुकड्यापुढे आडोसा नाही. भुसा सरळ आत गेला. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत तेच ठिपके. जाणकाराकडून साफ करून घ्यावा लागला. चूक माझी. भिंग बदलायचे तर घरात, वारा नसताना आणि कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून.

उणे काय आहे?

कोणतीही वस्तू नुसती वाखाणू नये. एका बॅटरीवर साधारण तीनशे ते साडेतीनशे फोटो होतात. दिवसभराच्या फिरतीला दुसरी बॅटरी जवळ हवी. हा कॅमेरा पावसात वापरण्यासाठी बनवलेला नाही, त्यामुळे भुरभुर सुरू झाली की तो पिशवीत गेला पाहिजे. दमट हवेत भिंगाच्या आत बुरशी धरते. पिकावरच्या बुरशीला औषध आहे, पण भिंगाच्या आत शिरलेल्या बुरशीला आपल्याजवळ औषध नाही. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून तो ठेवायचा. तांदळात पुरून ठेवू नका, त्याची पूड आत जाते. आणि ई-पीक पाहणीला हा कॅमेरा चालणार नाही. तिथला फोटो मोबाईलच्या त्या ॲपमधूनच, शेतात उभे राहून काढावा लागतो.

आणि आता सर्वांत मोठे उणे. ज्या कामासाठी मी हा कॅमेरा घेतला, ते काम तो करीत नाही!

पहिल्याच आठवड्यात मी मिरचीचे कोळी लागलेले पान घेतले आणि भिंग जितके जवळ नेता येईल तितके नेले. त्या अंतरावर फोटोत सुमारे ११ सेंटिमीटर रुंदीचा भाग मावतो. फोटोच्या रुंदीत सहा हजार ठिपके असतात. मिरचीवरचा हा कोळी जेमतेम ०.२ मिलिमीटरचा, तोही पारदर्शक. हिशेब करा. त्या एवढ्या मोठ्या फोटोत कोळ्याच्या वाट्याला दहा-अकरा ठिपके येतात. तो दिसणार कसा? त्याच्यासाठी वेगळे महागडे भिंग घेता येते. पण माझ्या खिशात जे दहापट मोठे दाखवणारे साधे हातभिंग कित्येक वर्षे पडून आहे, त्यातून तोच कोळी पानाच्या शिरेजवळ हळूहळू चालताना दिसला.

तेव्हा मनाशी कबूल केले. गेल्या श्रावणात कमी पडला तो कॅमेरा नव्हे. ताईंच्या मोबाईलनेसुद्धा पानाच्या कडा वर वळल्या की खाली, हे सहज दाखवले असते. कमी पडला तो माझा एक प्रश्न : "ताई, पान उलटून दाखवता का?" कॅमेरा साधा असो की भारी, आपण दाखवू तीच बाजू तो पाहतो.

मोबाईलवरच चांगला फोटो

म्हणून ज्यांनी मला "आम्हीही घ्यावा का?" असे विचारले, त्यांना माझे स्पष्ट सांगणे आहे. किडीचा सल्ला घेण्यासाठी कर्ज काढून कॅमेरा घेऊ नका. हातातला मोबाईल पुरेसा आहे. मात्र पुढील गोष्टी पाळा.

१. फोटो सकाळी सात ते नऊच्या दरम्यान काढा. दुपारच्या उन्हात रंग जातो. काढण्याआधी मोबाईलची काच सुती कापडाने पुसा. निम्मे धूसर फोटो बोटांच्या तेलकट डागांमुळे येतात.

२. एक फोटो पुरत नाही, चार काढा. पहिला पूर्ण प्लॉटचा, दुसरा एका पूर्ण झाडाचा, तिसरा पानाच्या वरच्या बाजूचा आणि चौथा पानाच्या खालच्या बाजूचा. चौथा विसरू नका.

३. पानाशेजारी मुलांची फूटपट्टी ठेवा, म्हणजे आकार कळतो. रुपयाचे नाणे ठेवू नका. १९९२ सालापासूनचा रुपया २५ मिलिमीटरचा होता, २०११ सालापासूनचा सुमारे २२ मिलिमीटरचा आला. तुमच्या फोटोत कोणता आहे, हे आम्हांला कसे कळणार?

४. वारा असेल तर दुसऱ्या हाताने फांदी धरा. फार जवळ जाऊन धूसर फोटो काढण्यापेक्षा वीतभर अंतरावरून स्पष्ट काढा.

५. फोटो पाठवताना साधा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला की वाटेत त्याचा आकार घटतो आणि बारीक खुणा पुसल्या जातात.

६. सोबत दोन ओळी लिहा : पेरणी किंवा लागवड कधीची, मागची फवारणी कशाची आणि कधी केली, रोग सगळीकडे आहे की एकाच कोपऱ्यात. या दोन ओळी पुष्कळदा फोटोपेक्षा जास्त सांगतात.

आणि सातवी गोष्ट आम्हा अधिकाऱ्यांसाठी. फोटो अपुरा असेल तर औषधाचे नाव सांगायचे नाही. दुसरा फोटो मागायचा, नाहीतर गाडीला किक मारायची. हा नियम मी स्वतःला लावून घेतला आहे.

मग कॅमेरा कुणी घ्यावा? शेतकरी गटाने, शाळेने, किंवा ज्याला फोटोची खरीच आवड आहे त्या मुलामुलीने जरूर घ्यावा. आपल्या वाणाचा, आपल्या गुरांचा, आपल्या मालाचा चांगला फोटो ठेवायला आणि गिऱ्हाइकाला दाखवायला त्याचा उपयोग आहे. वापरलेला घेणार असाल तर भाव मी सांगणार नाही, कारण तो बैलासारखा दात पाहून ठरतो. कॅमेऱ्याचे दात म्हणजे त्याचे दार आजवर किती वेळा उघडले तो आकडा. तो जाणकाराकडून तपासून घ्या. भिंग उजेडासमोर धरून आत जाळे किंवा बुरशी आहे का पहा, आणि चार फोटो काढून मगच पैसे मोजा.

मी कॅमेरा परत केलेला नाही, करणारही नाही. कारण एक गोष्ट त्याने मला शिकवली. डोळा त्या खिडकीला लावायचा तर बांधावर उभे राहून भागत नाही. खाली बसावे लागते, पान हातात घ्यावे लागते, थांबावे लागते. तीस वर्षांच्या नोकरीत ते बसणे, थांबणे कुठेतरी सुटून गेले होते.

गेल्या आठवड्यात त्याच ताईंच्या शेतावर गेलो. यंदाची मिरची चांगली आहे. पाने उलटून पाहिली, हातभिंग लावले, मग फोटो काढले. निघताना ताई म्हणाल्या, "साहेब, माझाही एक काढा." मी म्हटले, "तुमच्या मोबाईलवर असतील की फोटो." त्यांनी मोबाईल उघडून दाखवला. वासरू होते, मुले होती, मिरची होती, सासूबाई होत्या, गावची जत्रा होती. ताई कुठेच नव्हत्या. "मी काढणारी ना," म्हणाल्या, "माझा कोण काढणार? माझा फोटो एक आधार कार्डावर तेवढा आहे."

पदर नीट करून त्या मिरचीच्या दोन ओळींत उभ्या राहिल्या. मी तालुक्याच्या स्टुडिओतून तो फोटो कागदावर काढून आणला आणि त्यांना दिला. या पानासाठी मागितला, तर म्हणाल्या, "पेपरात नको. घरात भिंतीला लावते." म्हणून पाचवे छायाचित्र इथे नाही.

तुमच्या घरातही फोटो काढणारी अशी कोणी असेल. आज संध्याकाळी मोबाईल तिच्या हातातून घ्या आणि तिचा एक फोटो काढा. आणि उद्या सकाळी शेतात जाल तेव्हा पान उलटून पहायला विसरू नका.

पुढच्या आठवड्यात हातभिंग कसे धरावे आणि कोणत्या पिकात काय पहावे, याविषयी बोलू.

तुमचाच,
विस्तार अधिकारी (कृषी)